दार गार होतं

४ मार्च

साहेबांचा हुकूम: समुपदेशक बाईंकडे जा. बाईंचा हुकूम: रोज चार ओळी लिहा. कोणी वाचणार नाही म्हणाल्या. कोणी वाचणारच नसेल तर लिहायच्या कशाला, असं विचारलं तर नुसत्या हसल्या. याचा पगार घेतात.

तर. अग्निशमन दलात आहे. लीडिंग फायरमन, म्हणजे आमच्या बंबावरच्या जवानांचा म्होरक्या. तब्येत ठणठणीत. झोप उत्तम. भूक उत्तम. मला काहीही झालेलं नाही. झाल्या चार ओळी.

ता. क. ही आज बहिणीकडे गेली. मी ड्यूटीवरून येऊन बूट काढेपर्यंत टॅक्सी दारात. बहिणीचा गुडघा दुखतो म्हणे. मी म्हटलं, जा, खुशाल जा. बॅग एकच, तीही लहान. लहान बॅग म्हणजे लवकर येणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

६ मार्च, ऑफ

संकल्प. ती येईपर्यंत तिला फोन करायचा नाही. माझी आठवण येऊ दे जरा. रोज स्वयंपाक स्वतः करायचा. ती आली की थक्क झाली पाहिजे.

दुपारी फोन केला. पण तो कामाचा होता. चहाची पावडर कुठे आहे, एवढंच विचारलं. ती म्हणाली, तुमच्या समोरच असेल. होती. डबा हातातच होता.

७ मार्च

अंडी उकडायला ठेवली आणि खिडक्यांच्या कड्या बघायला गेलो. पाणी आटलं, अंडी फुटली, आणि मी स्वतः छताला लावलेला स्मोक अलार्म बोंबलायला लागला. शेजारीण धावत आली. अलार्म किती चोख काम करतो ते मी तिला सविस्तर समजावलं. तिने ऐकलं, पातेलं उचलून नळाखाली धरलं आणि गेली. जाताना विचारलं, वहिनी कधी येणार? म्हटलं, दोन-चार दिवसांत.

८ मार्च

हिला मेसेज केला. ‘गॅसचा कॉक बंद केला का बघ.’ तिचं उत्तर आलं, ‘हो.’

ज्या बाईला नवऱ्याचा राग आलेला असतो ती असं लगेच उत्तर देत नाही.

११ मार्च, बाईंकडून आल्यावर

बाईंची खोली छान आहे, पण दाराशेजारी जे अग्निशामक सिलिंडर टांगलंय त्याचा काटा लाल पट्ट्यात गेलाय. तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, ते बघू, आधी तुमच्याबद्दल बोला. मी म्हटलं, माझ्याबद्दल बोलण्यात वेळ जाईल आणि तेवढ्यात काही पेटलं तर? त्यांनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं. सिलिंडरचंच असणार. शहाण्या आहेत तशा.

मग विचारलं, घरी फ्रिजचा प्लग काढून ठेवता म्हणे? म्हणजे साहेबांनी चहाडी केली. आणि साहेबांना हिनेच सांगितलं असणार. आता खरं सांगायचं तर फ्रिज हा घरातला सगळ्यात लबाड प्राणी. कोपऱ्यात गरीब चेहरा करून उभा, आणि आतून दिवसभर धगधगत असतो. घराबाहेर पडताना प्लग काढायचा, यात वाईट काय? दूध नासतं. नासू दे, दूध पुन्हा मिळतं. हिला भर उन्हाळ्यात गार पाणी मिळत नव्हतं, त्यावरून कुरबूर व्हायची. पण म्हणून काय कोणी घर सोडून जातं? गुडघ्यामुळे गेली आहे.

१४ मार्च

बाजारात साडू भेटला. हिच्या बहिणीचा नवरा. विमा विकतो. एरवी माझा धंदा सांगून लोकांना घाबरवतो आणि पॉलिसी गळ्यात मारतो. आज मला बघून दुसऱ्या गल्लीत वळत होता, मी गाठलाच. विचारलं, वहिनींचा गुडघा कसा आहे? म्हणाला, कुठला गुडघा?

मग एकदम खोकला आला त्याला. म्हणाला, हां हां, तो होय, आहे आपला.

चांगलं लक्षण आहे. गुडघा इतका सुधारलाय की घरच्यांच्या लक्षातही राहिलेला नाही. म्हणजे ही आता केव्हाही येईल. घरी येऊन चादरी धुवायला टाकल्या.

१५ मार्च

साडूचा संध्याकाळी फोन. बराच घसा साफ केला. म्हणाला, राग मानू नका, पण ती म्हणते तुमचं तिच्याकडे लक्ष नसतं. दोन वर्षं झाली, घरात असून नसल्यासारखे असता. विचारलं तर ‘ठीक’ म्हणता आणि उठून स्विचबोर्डाला हात लावून बघता.

याला म्हणतात उलट्या बोंबा. माझं लक्ष नसतं? लेखी पुरावाच देतो.

मागच्या महिन्यातली गोष्ट. दुपारी घरी आलो तर ही बेडरूमचं दार आतून लावून बसलेली. आतून रडण्याचा आवाज येत होता. दुसरा कोणी असता तर दार बडवत सुटला असता. मी शांतपणे जवळ गेलो आणि शिकवलंय तसं हाताची मागची बाजू दाराला लावली. खाली, मध्ये, वर. बंद दार उघडण्याआधी असंच बघायचं असतं. तळहाताने कधीही नाही, तळहात भाजला तर माणूस कामातून गेला.

दार गार होतं. वरपासून खालपर्यंत गार. किती बरं वाटलं म्हणून सांगू. तिथेच भिंतीला धरून थोडा वेळ उभा राहिलो. मग तिला त्रास नको म्हणून पाय न वाजवता बाहेर जाऊन बसलो.

आता सांगा, याहून जास्त लक्ष कसं द्यायचं?

१८ मार्च, ड्यूटी

सकाळपासून तीन वर्दी. वर्दी म्हणजे मदतीसाठी येणारा फोन, तो आला की घंटा होते आणि आम्ही निघतो. एकदा रस्त्यावर तेल सांडलं, एकदा झाड पडलं, एकदा एका आजोबांचं बोट नळात अडकलं. आजोबांशी मी अर्धा तास गप्पा मारल्या, बोट सुटलं तरी ते उठेनात. मला म्हणाले, तुझ्याशी बोलून फार बरं वाटलं बाबा. ड्रायव्हर मामा हे ऐकत होता. मामा म्हणजे आमच्या बंबाचा ड्रायव्हर, माझ्याच बरोबर भरती झालेला, सगळेच त्याला मामा म्हणतात. परत येताना म्हणाला, एवढं घरी बोलत जा की रे.

मी म्हटलं, घरी कोणाचं बोट अडकलंय?

१९ मार्च

बाईंनी आज सरळच विचारलं. निळ्या इमारतीच्या वर्दीबद्दल.

त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दोन वर्षं झाली. फ्रिजमागच्या वायरने पेट घेतला होता. चौकशी झाली, अहवाल आला, माझा निर्णय बरोबर होता असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. विषय संपला.

(नंतर) बाई म्हणाल्या होत्या, तोंडाने येत नसेल तर लिहून बघा. लिहितो, मला काय भीती आहे? आतली खोली होती. दार बंद. हात लावला, तापलेलं. तापलेलं दार उघडायचं नाही, उघडलं तर आतली आग झेप घेते आणि मागची सगळी माणसं जातात. माझ्यामागे माझे जवान होते. म्हणून बाहेरून शिडी लावून खिडकीतून गेलो. नियमाप्रमाणे.

घरातली मुलगी दाराला पाठ टेकून बसलेली होती, श्वास नव्हता. आतल्या बाजूने.

निर्णय बरोबर होता. झोप उत्तम.

२१ मार्च

ठरलं. रविवारी, ३० तारखेला मी स्वतः जाऊन हिला घेऊन येणार. माणसाने पुढाकार घ्यायला हवा. निळा शर्ट इस्त्रीला टाकला. मग परत आणून पांढरा टाकला.

मामा विचारत होता, जाऊन बोलणार काय? म्हटलं, बोलायचं काय त्यात? टॅक्सीत बसायचं आणि यायचं. मामाने कपाळाला हात लावला. त्याचं लग्न तीस वर्षं टिकलंय, त्यामुळे त्याला वाटतं त्याला यातलं फार कळतं.

२४ मार्च, ड्यूटी

हे सगळं नीट लिहून ठेवलं पाहिजे.

दुपारी वर्दी आली. नव्या वसाहतीत एका इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली, आत एक बाई. वीज गेलेली, आत काळोख. गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीची किल्ली सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी दाढी करायला गेलेला. वॉचमन त्याला शोधायला पळाला. जवान गच्चीवर. मामा खाली बंबापाशी. लिफ्टच्या दाराशी मी एकटा.

अशा वेळी आतल्या माणसाशी बोलत राहायचं असतं. ते माझं काम. स्टेशनात सगळे म्हणतात, बोलायला तुम्हीच हवे. मी पायरीवर बसलो, दाराच्या फटीशी तोंड नेलं आणि म्हटलं, ताई, घाबरू नका, मी फायर ब्रिगेडमधून आलोय, तुम्ही बाहेर येईपर्यंत इथून हलणार नाही.

आतून बराच वेळ काहीच नाही. घाबरलेली माणसं होतात अशी गप्प.

मग म्हणाली, बरं. आवाज सर्दी झाल्यासारखा, आणि मध्ये दोन दारं. ओळखीचा वाटला. पण दाराआडचे सगळेच आवाज मला हल्ली ओळखीचे वाटतात.

श्वास नीट घेता येतोय का विचारलं. खाली बसा म्हटलं, चपला काढा, भिंतीला टेका, पण दाराला टेकू नका. तिने विचारलं, दाराला का नको? मी म्हटलं, नका टेकू ताई, माझ्यासाठी. मग ती सरकली असावी.

इथे कोणाकडे आला होता? म्हणाली, तिसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली बघायला. एकटीसाठी. म्हटलं, उत्तम, या इमारतीला हवा छान आहे, फक्त घेण्याआधी मीटरची वायर बदलून मागा. घरी कोणाला कळवू का? नको म्हणाली. मिस्टर? म्हणाली, आहेत. पण ते यायला दुसऱ्याच्या घरात काहीतरी पेटावं लागतं.

मला वाटलं, विजेच्या खात्यात असेल.

मग तीच बोलायला लागली. अंधारात बोलतात माणसं. म्हणाली, माणूस वाईट नाही हो. पूर्वी खूप हसायचे. एका दिवशी कामावरून आले ते आलेच नाहीत, नुसते कपडे आले. मी किती विचारलं. रडून विचारलं, भांडून विचारलं. एकदा दार लावून मुद्दाम मोठ्याने रडले. म्हटलं, आता तरी दार ढकलून आत येतील. कडीसुद्धा लावली नव्हती. दाराशी आले, मला सावली दिसली. थांबले. आणि परत गेले.

मी म्हटलं, असतात ताई काही माणसं अशी. दगड असतात. अशा माणसाला जोरात हाक मारावी.

म्हणाली, मारली.

तेवढ्यात किल्ली आली, आणि मेन स्विच पाडून जवानांनी वरून लिफ्ट हाताने फिरवत मजल्याशी आणली. मी किल्लीने दार उघडलं आणि हात पुढे केला. ताई, या. तिने हात दिला. हात हातात आला आणि मी चेहरा बघितला.

मामा जिना चढून आला होता. वहिनी, तुम्ही? एवढंच म्हणाला आणि टोपी काढून उभा राहिला.

तिने चपला घातल्या, साडी झटकली. मला म्हणाली, तुम्ही फार छान बोलता. खरंच. आणि जिन्याने वर गेली, खोली बघायला.

परतीच्या रस्त्यात मामाने बंब हळू चालवला. मामाने सायरनही वाजवला नाही. अर्थात, परतताना वाजवतच नाहीत.

२५ मार्च

शांतपणे विचार केला. कालची वर्दी पूर्ण यशस्वी. एक: आपलं माणूस सुखरूप बाहेर. दोन: तिने माझं तोंडभर कौतुक केलं, साक्षीदार मामा. तीन: ती भाड्याची खोली तिची नसणार. ‘एकटीसाठी’ असं अनोळखी माणसाला उगाच सांगतात बायका.

पण मी अनोळखी नव्हतो. तिने मला पहिल्याच वाक्याला ओळखलं असणार.

निघताना मी वॉचमनला सांगून आलो होतो, तिसऱ्या मजल्याची वायर तेवढी बदलून घ्या.

२६ मार्च

बाईंना सांगितलं की दाराला कडी लावलेली नव्हती.

त्यांना आधी काही समजलं नाही. मग मी सगळं सांगितलं. आधी आमच्या बेडरूमचं दार, मग ते दुसरं. बोलताना आवाज गेला, बहुधा धुराचा जुना त्रास. बाईंनी पाणी दिलं. म्हणाल्या, हे सगळं घरी सांगितलंत का? म्हटलं, रविवारी सांगणार आहे.

२८ मार्च

हिचा मेसेज आला! ‘रविवारी येते. सामान न्यायचं आहे.’

म्हणजे माझी टॅक्सी वाचली. ती स्वतःच येते आहे. सामानाचं एवढं मनावर घ्यायचं कारण नाही, घरात आल्यावर माणसाचा विचार बदलतो. लादी पुसली. फ्रिजचा प्लग लावला आणि लावलेलाच ठेवला. त्याच्या समोर खुर्ची टाकून दुपारभर बसलो. पाणी गार झालं.

२९ मार्च

मामाला विचारलं, काय बोलू? काय काय सांगायचं त्याची मनात उजळणी केली होती, ती म्हणून दाखवली. मुलीचं, दाराचं, सगळं. मामाने ऐकलं. हेल्मेटच्या पट्ट्याशी बराच वेळ चाळा केला. म्हणाला, एवढं नाही जमलं तरी चालेल. नुसतं ‘थांब’ म्हण. ती एवढ्यासाठीच येतेय, सामान तर साडूही आणू शकतो.

सोपं आहे. एक शब्द. अनोळखी माणसांशी मी तासन्‌तास बोलतो.

३० मार्च, रविवार

टेम्पो दहाला येणार होता, साडेनऊलाच आला. साडू पुढे बसलेला, नजर चुकवत होता. त्याला कपाट उचलायची अक्कल नाही. नुसता ‘सांभाळून, सांभाळून’ करत फिरतो. म्हणून मला हात लावावा लागला. एकदा हात लावल्यावर मग नीटच झालं पाहिजे. जड सामान आधी, आरसा दोन गाद्यांच्या मध्ये, शिलाई मशीन शेवटी. दोरी मी बांधली. टेम्पोवाला म्हणाला, साहेब, तुम्ही याच धंद्यात का?

ही आत आली. मी ग्लासभर पाणी दिलं, गार. तिने ग्लास हातात घेतला, माझ्याकडे बघितलं, सगळं प्यायली. तेव्हा म्हणायला हवं होतं. पण तेवढ्यात साडू पायऱ्यांवर ट्रंकेसकट अडकला.

सगळं भरून झालं. ती दारात उभी राहिली. टेम्पोत बसली नाही. मला म्हणाली, काही राहिलं का?

मी आत गेलो. प्रत्येक खोली बघितली, आग विझल्यावर बघतो तशी, पलंगाखाली, दारामागे, कोपरे. बाहेर येऊन तिला सांगितलं, काही राहिलं नाही, सगळं बाहेर काढलंय.

बघा एकदा, म्हणाली.

बघितलं, म्हटलं.

ती आणखी थोडा वेळ उभी राहिली. डोळे भरले होते. मग साडीचा पदर आवरून टेम्पोत बसली.

आमचं फाटक अरुंद आहे. टेम्पोवाल्याला मागचं काही दिसत नव्हतं, साडू भलतीकडेच हात करत होता, भिंतीला घासला असता. म्हणून मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. दोन्ही हात वर केले. येऊ दे, येऊ दे, डावीकडे घे, मोकळं आहे, येऊ दे. गाडी सरळ झाली. मी मोठ्याने म्हटलं, हं, जाऊ दे आता.

आणि ते गेले.